१५ ऑगस्ट, धो धो पाऊस आणि न सुटणारी गाठ: सोसायटीच्या झेंडावंदनाची तयारी कशी करावी?

नवी_सचिव

नमस्कार मंडळी. यंदा सोसायटीच्या १५ ऑगस्टची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ठाण्याच्या पुढची सोसायटी, ४२ बिऱ्हाडं, दोन इमारतींच्या मधल्या चौकात १८ फुटी लोखंडी पाइपाचा खांब. वेळ सकाळी ८. आधीच्या समितीच्या वहीत नोंदी आहेत, त्या वाचून धडकी भरली: "गाठ सुटली नाही, वॉचमन शिडीवर", "राष्ट्रगीत अर्ध्यात बंद, मोबाइलवर फोन आला", "झेंडा रात्री ९ ला उतरवला, चिंब".

तर प्रश्न असे. पाऊस कोसळत असेल तर कार्यक्रम पुढे ढकलायचा का? खादीचाच झेंडा हवा की पॉलिएस्टरचा चालतो? दोरी कोणती, गाठ कोणती? माइक-स्पीकर भिजू नये म्हणून काय करावं? शिवाय तीन-चार घरांतली मुलं न्यू जर्सी आणि लंडनला आहेत, त्यांना थेट दिसलंच पाहिजे असा आजी-आजोबांचा हट्ट आहे. ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी नेमकं सांगा. "देशप्रेम मनात असावं" छापाचे प्रतिसाद नकोत, ते आहेच.

खांब_दोरी_कप्पी

वहीतली पहिली नोंद आधी, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

तुमच्याकडे बहुधा फुलं घालून झेंड्याची पुडी बांधतात, ती पहाटेच वर चढवून ठेवतात आणि ८ वाजता पाहुणे दोरी ओढतात. ही रीत २६ जानेवारीची. तेव्हा झेंडा वरच बांधलेला असतो, फक्त उलगडायचा. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवायचा, म्हणून तर ध्वजारोहण. ध्वजसंहितेची पुडीला हरकत नाही, पण ऑगस्टच्या पावसात पुडी वर टांगून ठेवणं म्हणजे आ बैल मुझे मार. कापड भिजून घड्या एकमेकींना चिकटतात, सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि सुरगाठीची निरगाठ होते. पाहुणे जितका जोर लावतील तितकी ती आवळत जाते. झेंडा उघडाच, खालून चढवा. सुटायला गाठच ठेवू नका.

आता कप्पी. ती वर्षातून जेमतेम तीनदा फिरते: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्यातही १५ ऑगस्टच्या आधी दोनेक महिने ती पावसात उभी असते. लोखंडी कप्पीचा आस गंजला की चाक जाम होतं, मग दोरी नुसती घासत सरकते. दुसरं दुखणं जास्त वाईट: चाक आणि बाजूचा पत्रा यांच्यात फट पडते आणि पातळ दोरी त्या फटीत उतरून बसते. खालून दिलेल्या प्रत्येक झटक्याने ती आणखी रुतते. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्या दिवशी, माणूस लावून कप्पी उतरवा. हाताने फिरवल्यावर चाक डुगडुगत असेल तर तेलपाणी करत बसू नका, स्टेनलेस स्टीलची नवी लावा. खोबणीत तुमची दोरी आरामात बसते का आणि बाजूच्या फटीत शिरत नाही ना, हे दुकानातच दोरीचा तुकडा घालून बघा.

दोरी विणीची पॉलिएस्टर घ्या, ६ मिमी. सुती दोरी भिजून जड होते. नायलॉन भिजलं की ताणतं आणि टोकाला नेऊन बांधलेला झेंडा तासाभरात वीतभर खाली आलेला दिसतो. लांबी खांबाच्या दुप्पट आणि वर हातात धरायला ६ फूट, म्हणजे तुम्हाला ४२ फूट. ४५ घ्या. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा, नाहीतर वीण उसवते आणि तो पिसारा कप्पीत अडकतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो झेंडा दोरीला लावताना. एक टोक हातातून निसटलं की दुसऱ्या बाजूच्या दोरीच्या वजनाने ते वर वर जातं आणि शेंड्याला लोंबत बसतं. वॉचमन शिडीवर जातो तो बऱ्याचदा यासाठी. झेंडा लावून होईपर्यंत मोकळी टोकं खांबाच्या आकड्याला बांधलेली असू द्या, एका वेळी एकच सोडा.

उलटा झेंडा ही दुसरी भीती. झेंड्याच्या पांढऱ्या पट्टीत दोरी शिवलेली असते आणि सहसा तिच्या वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असते. गुल्लीवर विसंबू नका, केशरी पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ज्या जागी केशरी बाजू अडकवायची तिथे दोरीला लाल धागा गुंडाळून ठेवा. पहाटेच्या घाईत डोकं चालत नाही, धागा दिसतो.

१३ तारखेला रंगीत तालीम घ्या. झेंड्याच्या जागी अंघोळीचा ओला टॉवेल बांधून तीनदा वर-खाली करा. भिजलेल्या कापडाचं वजन दोरीला आणि ओढणाऱ्या हाताला कळतं. टॉवेल न अडकता गेला तर झेंडाही जाईल. चढवायचा चपळाईने, उतरवायचा सावकाश, हे ज्याच्या हातात दोरी आहे त्याला आधी सांगून ठेवा.

तीनास_दोन

कापडाचं सांगतो. भारतीय ध्वजसंहिता २००२ ची, २६ जानेवारी २००२ पासून लागू. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टर आणि यंत्रावर तयार केलेला झेंडाही चालतो. सुती, लोकर, रेशीम आणि खादी आधीपासून आहेतच. तेव्हा उघड्यावरच्या खांबाला पावसात पॉलिएस्टर लावणं नियमात बसतं आणि शहाणपणाचंही आहे: ते पाणी धरत नाही, दोन झुळका आल्या की पुन्हा फडकतं. खादी भिजली की खांबाला बिलगून राहते आणि अशोकचक्र दिवसभर कोणाला दिसतच नाही.

प्रमाण ३:२, यात तडजोड नाही. १८ फुटी खांबाला ९०० × ६०० मिमी पुरे, त्यावरचं चक्र १८५ मिमी व्यासाचं असतं. १३५० × ९०० चा मोह होतो, पण ओल्या कापडाला हलवायला जो वारा लागतो तो दोन इमारतींच्या मधल्या चौकात मिळत नाही. विकत घेताना पट्टी घेऊन मोजा आणि चक्राचे आरे मोजा, २४ हवेत. ऑगस्टमध्ये रस्त्यावर मिळणाऱ्या झेंड्यांत चक्र अंडाकृती असतं, आरे कमी असतात, तिन्ही पट्टे सारखे नसतात. दुकानदाराशी वाद घालू नका, दुसरा घ्या.

पुढे ढकलण्याबद्दल: झेंडा शक्यतो सूर्योदय ते सूर्यास्त आणि हवामान कसंही असलं तरी, अशी रीत २०२२ पर्यंत संहितेतच होती. नुसता पाऊस हे रद्द करायचं कारण नाही. भाषणं रद्द करा, ती तशीही लांबतात.

त्याच खांबाला मंडळाची पताका किंवा सोसायटीचा झेंडा नको. गणपती जवळ आले की कार्यकर्त्यांना तो खांब रिकामा दिसतो, त्यांना आधीच सांगा. झेंड्यावर सोसायटीचं नाव छापायचं नाही. झेंडा जमिनीला लागायचा नाही, पाण्यात लोळायचा नाही. ही दुसरी अट पावसात महत्त्वाची: खांबाभोवती तळं साचत असेल तर झेंडा लावताना खाली टेबल ठेवा आणि कापड कायम कोणाच्या तरी दोन्ही हातांवर असू द्या.

चरखा

पॉलिएस्टर नियमात बसतं हे मान्य, पण म्हणून खादी बाद करू नका. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती, नांदेड इथे झेंडे बनतात, कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला बनतात. तो झेंडा हातात घेतला की कापडाचा वजनदारपणा कळतो. १५ ऑगस्टला पाऊस आहे म्हणून पॉलिएस्टर, ठीक. २६ जानेवारी आणि १ मे ला काय अडचण आहे? दोन्ही कोरडे दिवस. दोन झेंडे ठेवा.

तीनास_दोन

याला माझी हरकत नाही. फक्त ते दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि वर लिहा, नाहीतर पावसात हटकून खादीचाच बाहेर येतो.

नवी_सचिव

खूप आभार. एक पेच आहे. पुडी नको म्हणताय, पण महिला मंडळाने २ किलो झेंडू सांगून ठेवलाय. "फुलं पडली नाहीत तर झेंडावंदन कसलं" असं ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं. शेजारच्या काकूंना नाही म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

खांब_दोरी_कप्पी

काकूंना नाही म्हणू नका, झेंडूला म्हणा. ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या पट्ट्यावर बसला की निघत नाही, आणि डागाळलेला झेंडा पुढच्या वर्षी लावता येत नाही. झेंडूची तोरणं करून स्टेजला आणि फाटकाला लावा.

पुडी करायचीच असेल तर गुलाबाच्या सुट्या, कोरड्या पाकळ्या, दोन मुठी, जास्त नाही. फुलं जड झाली की पुडी उलगडते पण कापड फुलांसकट खाली लोंबतं आणि अर्धी फुलं घडीत अडकून राहतात. पुडी पार्किंगच्या छताखाली, टेबलावर, ७.४५ ला बांधा आणि शेवटच्या ५ मिनिटांत वर न्या. पहाटे ५ ला नाही. झेंडा लांबीत चुणीसारख्या घड्या घालून मोकळ्या टोकाकडून खांबाच्या बाजूला गुंडाळत आणा, गुंडाळीत पाकळ्या ठेवा, आणि त्यावर ओढायच्या दोरीचा एकच वेढा देऊन सुरगाठ मारा. दोन वेढे दिले की पहिला सुटतो आणि दुसरा धरून ठेवतो. गाठ मारल्यावर जमिनीवर असतानाच एका बोटाने ओढून बघा. एका बोटाने सुटली नाही तर वर गेल्यावर पाहुण्यांच्या दोन हातांनीही सुटणार नाही. पुन्हा बांधा.

किंवा सोपा मार्ग: झेंडा उघडा चढवा आणि तो वर पोचला की पहिल्या मजल्याच्या दोन गॅलऱ्यांतून पोरांना पाकळ्या उधळू द्या. काकू खूश, पोरं त्याहून खूश.

वायरमन_पण_गाणारा

वीज आणि आवाज.

चौकात उघड्यावर २३० व्होल्ट आणूच नका. चाकांवरचा बॅटरीवाला स्पीकर मिळतो तो आणा, १४ ला रात्रभर चार्ज करा आणि सकाळी चार्जरची पिन काढून ठेवा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला बॅटरी पुरून उरते. विजेवरचाच ॲम्प्लिफायर असेल तर तो पार्किंगच्या छताखाली, स्टुलावर, आणि बाहेर जाईल ती फक्त स्पीकरची वायर. वायर छताखाली शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, वायरीवरून घसरत बोर्डात जात नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, खुर्चीला टांगायचा. ज्या पॉइंटवरून वीज घेताय त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा आणि त्याचं टेस्ट बटण आदल्या दिवशी दाबा. दाबल्यावर तो पडला नाही तर तो शोभेचा आहे. आणि उलट, सकाळी तो सारखा पडत असेल तर त्याला शिव्या न घालता ओली जोडणी शोधा, तो त्याचं काम करतोय.

माइक शिट्टी मारतो कारण स्पीकर माइकच्या मागे असतो. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. माइकवर प्लास्टिकची पिशवी बांधली की आवाज घागरीतून आल्यासारखा येतो, त्यापेक्षा माइकवर एकाने छत्री धरावी. स्पंजाची टोपी भिजली तर पिळून पुन्हा घालू नका, काढून ठेवा.

राष्ट्रगीत मोबाइलवरून लावायचं असेल तर फाइल आधी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. ब्लूटूथपेक्षा वायर बरी, वायरपेक्षा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हमध्ये ही एकच फाइल ठेवा. दुसरं काही असलं की राष्ट्रगीत संपताच स्पीकर आपणहून पुढचं गाणं सुरू करतो आणि लोक सावधानमध्ये उभे असताना लावणी लागते.

पण खरं सांगू? लावूच नका, म्हणा. ५२ सेकंदांचं तर आहे. अडचण एकच असते, सुरुवात चढ्या पट्टीत होते. राष्ट्रगीत खालच्या निषादापासून (नी) वरच्या षड्जापर्यंत (सा) जातं, आणि तो वरचा षड्ज शेवटी लागोपाठ येणाऱ्या तीन "जय हे" पैकी पहिल्यावर येतो. सुरुवात करणारा उत्साहात वर लावतो, मग "जय हे" ला निम्म्यांचा आवाज फाटतो आणि निम्मे गप्प होतात. बायका, पुरुष, मुलं एकत्र असतील तर पांढरी एकच्या (पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरून) वर जाऊ नका. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं, त्यावर सूर लावून सुरुवात करणाऱ्याला कानात ऐकवा, बास. सुरुवात एकानेच करायची, दोघांनी केली की दोन पट्ट्या लागतात.

न्यू जर्सी आणि लंडनचं: आपल्या सकाळी ८ ला न्यू जर्सीत १४ तारखेचे रात्रीचे १०.३० वाजलेले असतात, तेव्हा तिकडची नातवंडं जागी ठेवता येतील. लंडनमध्ये पहाटेचे ३.३०. तिथे थेटचा आग्रह सोडा, रेकॉर्डिंग पाठवा. फोन एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आणला की काचेवर वाफ धरते, म्हणून १५ मिनिटं आधी पार्किंगमध्ये आणून ठेवा. पडद्यावर थेंब पडले की बोट लागत नाही किंवा भलतंच बटण दाबलं जातं, तेव्हा फोन छताखाली तिपाईवर आडवा ठेवा आणि कॉल सुरू केल्यावर हात लावू नका. खांबाचं टोक चौकटीत येतं का ते टॉवेलच्या तालमीच्या वेळीच बघा. बहुतेक व्हिडिओंत माणसांचे चेहरे येतात, झेंडा कापला जातो. आजी-आजोबांना फोनच्या जवळ खुर्ची द्या, म्हणजे तिकडून "आजी दिसत नाही" होत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना राष्ट्रगीताला उठा म्हणून खुणा करू नका.

ढगांकडे_डोळे

पावसाबद्दल थोडं. ऑगस्टच्या मध्यात आपल्याकडे पाऊस दिवसभर एकसारखा क्वचितच असतो, सरींनी येतो. सर २०-३० मिनिटं झोडपते, मग उघडीप. तुमचा चढवणे अधिक राष्ट्रगीत हा भाग ५ मिनिटांचा आहे, तो उघडिपीत बसवता येतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या डॉप्लर रडारची चित्रं दिसतात. ७.३० पासून लागोपाठची तीन-चार चित्रं बघा: पावसाचे पट्टे समुद्राकडून जमिनीकडे सरकताना दिसतात. पश्चिमेला पट्टा नसेल तर ठरल्या वेळी सुरू करा, असेल तर १० मिनिटं इकडे-तिकडे करायची मोकळीक ठेवा. पाहुण्यांना ७.४५ ची वेळ द्या.

"हवामान कसंही असो" याला एकच अपवाद माना: वीज. ऐन पावसाळ्यात किनाऱ्याकडे विजा जून किंवा ऑक्टोबरपेक्षा कमी, पण चौकातला लोखंडी खांब आणि त्याला धरून उभा माणूस हे चित्र चांगलं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. ३० च्या आत ऐकू आला तर सगळ्यांना आत घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहे, तेही एकाच्या फोनवर असू द्या.

छत्र्यांऐवजी रेनकोट सांगा. सावधानमध्ये छत्री धरता येत नाही आणि मागच्यांना खांब दिसत नाही.

तीनास_दोन

संध्याकाळचं राहिलं. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावरचा झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो, तेव्हा ९ ला उतरवला म्हणून गुन्हा झाला नाही. तरी उतरवा. ओलं कापड वाऱ्यात फडफडत राहिलं की मोकळ्या बाजूची शिवण आधी उसवते, आणि फाटका झेंडा लावणं मात्र नियमात बसत नाही. सूर्यास्त सातच्या सुमारास, तेव्हा ६.४५ ला खाली दोन माणसं हवीत. सकाळी सामोसा आणि चहाला १२०, संध्याकाळी शून्य, हे सगळीकडे सारखंच. दोन नावं आधीच फलकावर लिहा, शक्यतो दहावी-बारावीची मुलं, ती येतात.

उतरवलेला ओला झेंडा घडी करून पिशवीत टाकला तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके. घरात किंवा कार्यालयात टेबलावर स्वच्छ चादर टाकून पसरा, पंखा लावा, पॉलिएस्टरला दोन-तीन तास, खादीला रात्रभर. मग घडी: झेंडा आडवा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, नंतर दोन्ही बाजू मध्याकडे आणा म्हणजे वर चक्र आणि केशरी-हिरव्याच्या कडा दिसतात. सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

गॅलरीतल्या झेंड्यांसाठी फलकावर दोन ओळी लिहा. तिरक्या काठीवर झेंडा लावला तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे. आणि विटला, फाटला की काढायचा. दिवाळीपर्यंत कठड्याला लटकलेल्या चिंध्या बघवत नाहीत. खराब झालेला झेंडा कचऱ्यात नाही, एकांतात, अख्खा, शक्यतो जाळून. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपल्यावर एका टोपलीत गोळा करा, चिखलात पडलेले राहू देऊ नका.

नवी_सचिव

सगळं उतरवून घेतलं. उद्याच कप्पी बघायला माणूस बोलावते. झेंडूच्या तोरणांना काकू तयार झाल्या, गुलाबाचा खर्च कोणी करायचा यावर चर्चा सुरू आहे.

चरखा

ते होईल. आधी एक बघा: झेंडा ज्या कपाटात आहे त्याची किल्ली कोणाकडे असते? खजिनदारांकडे असेल आणि १५ ला जोडून सुट्टी आली असेल तर ते १३ लाच गावी गेलेले असतात, किल्लीसकट.